बांधावरच्या मोहाचं काय करायचं

नाना, तुम्ही फोनवर परत तेच बोललात. ‘मोहना दिनमा जो येत नही, त्यानं झाड कसानं?’ म्हणजे मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत मी येत नाही, तर झाड माझं नाही. तोताराम काका बाजूला बसून हसत होते, ते मला ऐकू आलं. मी बोलायला लागलो तर तुम्ही फोन ठेवला. म्हणून आता लिहितो. लिहिलेलं मध्येच ठेवता येत नाही.

लिहिणारा मी, तुमचा मुलगा अमृत सुकलाल मालचे, वय सव्वीस, शाळा सातवीपर्यंत, राहणार चोपडा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी, सध्या मुक्काम तमिळनाडूत पवनचक्क्यांच्या कामावर. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, मागे उभं राहून कुणी लिहवून घेत नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते खाली सांगतो. नंतर कुणी ‘अमृत मला असं म्हणाला होता’ असं सांगू लागला तर ऐकू नये.

एवढ्या लवकर का लिहितो, तर मागच्या महिन्यात शिडीवर सत्तर मीटरवर डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्टा अडकवलेला होता म्हणून लटकून राहिलो. खाली उतरल्यावर कुणाला बोललो नाही. इथे रोज सकाळी रांगेत उभं करून विचारतात, कुणाला काही त्रास? सगळे एका आवाजात ‘नो सर’ म्हणतात आणि वहीत सही करतात. त्रास आहे म्हटलं की चढणं बंद, खाली केबल ओढायचं काम, पगार अर्धा. सात वर्षांत मी जेवढं ‘नो सर’ म्हटलं तेवढं दुसरं काही बोललो नसेन.

कलम एक. खालच्या बांधावरचा मोठा मोह. हा मला आबांनी, म्हणजे आजोबांनी दिला, मी सहावीत होतो तेव्हा. आबांनी पाच पंच झाडाखाली बसवले, गूळ वाटला, पहिला खडा तोताराम काकांनीच तोंडात टाकला, आणि झाड माझं झालं. कागद नाही. आपल्याकडे गूळ खाल्ला म्हणजे कबूल केलं.

हे झाड मी ललिता अक्काला देतो. ती माझी मोठी बहीण. नवऱ्याने दुसरी केल्यावर भूमिकाला कडेवर घेऊन घरी आली, त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षं झाडाखालचा पाला ती झाडते, पहाटे उठून फुलं ती वेचते, वाळवते, विकते. त्यावर भूमिकाची शाळा चालते. नाना म्हणतात, बहिणीला झाड देत नाहीत. मग बहिणीकडून झाडूही मारून घेऊ नये. परवा ती मला फोनवर म्हणाली, ‘पाला मी झाडस, फुलं मी येचस, आनि काका म्हने अमृत उना नही ते झाड मनं. तू एकदाव येस का नही रे भाऊ?’ म्हणजे मी आलो नाही म्हणून काका झाड आपलंच म्हणतात.

आता खरं लिहितो, कारण मेल्यावर कुणी रागावत नाही. मागच्या वर्षी साहेबांनी सुट्टी दिली नाही असं मी सांगितलं ते खोटं. सुट्टी मिळाली होती. दोन दिवस गाडीत बसून जळगावला उतरलो. तिथेच मेहरूणला माझा मित्र चंदन याच्या खोलीवर आंघोळीपुरता थांबलो आणि तिथेच दोन दिवस झोपलो. चोपड्याची बस समोरून जायची. उठवत नव्हतं. घरी गेलो की किती आणलं, परत कधी जाणार, लग्नाचं काय. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो. त्याच आठवड्यात काकांनी अक्काच्या हातातून फुलांची टोपली ओढून घेतली, हे मला मागून कळलं. अक्का, माफ कर. मी ऐंशी किलोमीटरवर झोपलेलो होतो.

कलम दोन. चंदनने ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. माझा पान्यांचा संच त्याला.

कलम तीन. विम्याच्या फॉर्मवर नाव नानांचं आहे. पैसे नानांनीच घ्यावेत, पण त्यातले दोन वाटे भूमिकाच्या शिक्षणाचे, एक नानांचा. विम्यावर माझं पूर्ण नाव नीट आहे, तेवढं एकाच ठिकाणी आहे. नरडाण्याला पोती उचलायचो तेव्हा मला ‘डोंगर’ म्हणायचे. साक्रीला चढायला शिकलो तिथे ‘ए पोऱ्या’. राजस्थानात आणि इथे ‘महाराष्ट्र’. ‘ए महाराष्ट्र, ऊपर जा.’ एवढा मोठा मुलूख एकट्याने शिडीने वर न्यायचा म्हणजे दम लागणारच.

कलम चार. मोटरसायकल नानांची. काकांना चालवायला देऊ नये. मागे ब्रेक तोडून आणली आणि म्हणाले, ‘ब्रेक पहिलेच नव्हता.’ काकांना माझ्याकडून काही नाही. हेल्मेट देणार होतो, ते कंपनीचं निघालं.

कलम पाच. मला गावी न्यायला कंपनी गाडी देत नसेल तर इथेच उरकावं. प्रवास पुरे झाला.

ठिकाण: कामगारांची खोली, तिरुनेलवेलीच्या पुढे. रविवार, १६ फेब्रुवारी २०२५.
सही: अमृत सुकलाल मालचे
साक्षीदार: १) भाईदास, राहणार नरडाणा, स्टोअरकीपर. २) धर्मेंद्र, राहणार फैजपूर, माझ्या जोडीने चढणारा.

सह्यांच्या खाली लिहितो. भाईदास भाऊंनी सही केली, कागद परत दिला आणि म्हणाले, ‘अरे येड्या, हे तू मेल्यावर चालेल. फुलं महिनाभरात पडायला लागतील. तोवर बहिणीनं काय तुझ्या मरणाची वाट बघायची?’

धर्मेंद्र म्हणाला, ‘आज तर रविवार आहे. आज काही मरत नाही हा.’

दोघं हसले. मी पण हसलो. मग कलम एकवर काट मारली. ते झाड मृत्युपत्रातून काढलं आणि आजच अक्काला दिलं.

नाना, पंच झाडाखाली बसवा, बठ्ठ्या गावाला, एकूण एक घराला बोलवा. मी फोनवर असेन, फोन ठेवायचा नाही. पहिला खडा अक्कानेच तोताराम काकांच्या हातावर ठेवायचा. नको म्हणायचं असेल तर त्यांनी पंचांसमोर म्हणावं, आबांच्या वेळचा गूळ आठवून.

उद्या सकाळी रांगेत विचारतील तेव्हा मी ‘येस सर’ म्हणणार आहे. पगार अर्धा होईल. म्हणून या वेळी नेहमीचे आठ हजार नाहीत. अक्काच्या फोनवर पाठवतो ते फक्त दहा किलो गुळाचे, रुपये साडेपाचशे.