चार भाषांच्या घरातली गप्प पोर

अव्वा, तुझ्या नातीबद्दल तुला सांगायचं आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. ते कुठं झालं हे ऐकून तू आधी कपाळावर हात मारशील, म्हणून तेही सांगून टाकते. सोलापूरच्या भवानी पेठेत, तेलुगू विणकरांच्या घरात. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही. मंद्रूपच्या शेरडा-मेंढरांत वाढलेली तुझी लेक आता मागाच्या खडखडाटात झोपते आणि माग बंद पडला की दचकून जागी होते. सासूबाईंना मी अत्तम्मा म्हणते. त्या पोरीशी तेलुगूत बोलायच्या, मी आणि नवरा मराठीत, मी कामावर गेल्यावर तिला सांभाळायला मदत करणारी शेजारची खाला दखनीत, आणि तिचा मामा मंद्रूपहून आला की तुझ्या माहेरच्या कानडीत. सोलापुरात यात नवल काही नाही. पण यातूनच आमची एक चूक झाली, आणि ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते.

पोरगी दोन वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलत नव्हती. कुणी विचारलं की सगळ्यांकडं उत्तर तयार. "चार भाषा हायत की घरात, लेकरू गोंधळलंय. बोलंल, घाई काय?" अत्तम्मा रोज सकाळी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायच्या. खाला म्हणायची, "अब्बी छोटी है ना, बोलती देखो एक दिन." शिवाय पोर गुणाची म्हणून गल्लीत कौतुक. रडणं नाही, मागं लागणं नाही, मागावरच्या सुताच्या रिकाम्या कांड्या घेऊन दुपारभर त्यांची सरळ रांग लावत बसायची. कुणी त्यातली एक जरी हलवली तर मात्र घर डोक्यावर घ्यायची. मागाच्या आवाजाचं तिला काही नाही, पण मिक्सर लावला की कान झाकून पलंगाखाली. मला काहीतरी खटकत होतं, आणि काय खटकतंय ते धड सांगता येत नव्हतं.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी टॉर्चनं घसा बघितला, घरात कोणकोणत्या भाषा बोलता ते विचारलं आणि म्हणाले, "एकच भाषा ठेवा. मराठी. तीन वर्षांची होईपर्यंत वाट बघू." झालं, घरात फर्मान निघालं. अत्तम्मांचं मराठी म्हणजे मंडईपुरतं. नातीला मांडीवर घेऊन त्या त्यात काय बोलणार? "बाळ, जेव, जेव की," एवढं म्हणून थांबायच्या. घास भरवतानाची गाणी बंद, अंगाई बंद. पोर बोलत नव्हतीच, आता आजीही बोलेना. मला त्यांची दया यायची आणि डॉक्टरांचा राग, पण मोठ्या माणसानं सांगितलंय म्हणून आम्ही सगळे मुकाट्यानं पाळत होतो.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहे. तिथं काज-बटणाला एक बाई आहे, तिला आणि तिच्या नवऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. एक दिवस ती आपलं दीड वर्षाचं लेकरू घेऊन आली. ते लेकरू माझ्या मशीनपाशी येतं, ओढणी ओढतं, खिडकीकडं बोट करतं. बाहेर एक गाढव उभं आहे. आणि मग, अव्वा, हे नीट ऐक, ते गाढवाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघतं. तू पाहिलंस का, म्हणून. मी मान हलवली तेव्हा खुदकन हसलं. त्याच्या घरात तोंडानं बोलायची एकही भाषा नाही! माझा पाय मशीनवरून निघाला. माझ्या पोरीनं मला आजवर काहीच दाखवलं नव्हतं. पाणी हवं असलं की ती माझं मनगट धरून माठापाशी न्यायची, माझ्या तोंडाकडं न बघता, माझा हात म्हणजे जणू पाणी काढायचं ओगराळं. नावानं हाक मारली तर वळायची नाही, मग ती हाक आजीची असो, खालाची असो की माझी. भाषांचा गोंधळ असता तर बोट तरी दाखवलं असतं. बोटाला कसली आलीय भाषा?

घरी हे बोलले, पोरीला नीट तपासून घेऊ म्हणाले, तेव्हा भडकाच उडाला. नवरा म्हणाला, "तू मोबाइलवर कायबाय वाचतीस आन् डोक्यात घेतीस." अत्तम्मा तर पोरीला पोटाशी धरून, बंदी विसरून तेलुगूत ओरडल्या. "येडी ठरवायला निघालीस व्हय तिला? उद्या कोन करून घेईल हिला?" मी म्हणाले, "तपासून काही निघालं नाही, तर मी तुमच्या सगळ्यांच्या पाया पडून माफी मागीन. पण काही असलं, आणि आपण वाट बघत बसलो, तर पोरीची माफी कुणी मागायची?" नवरा दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला.

अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं होतं, सरकारी दवाखान्यात मुलांची वाढ तपासणारा विभाग आहे. तिथं खिडकीवरचा माणूस पोरीकडं बघून म्हणतो, "एवढीशी तर हाय. बोलंल की. तीन पूर्ण झाले की या." आणि मला तू दिसतेस. मी शाळेच्या दाखल्यासाठी कचेरीत गेले होते आणि साहेब उद्या ये म्हणाला म्हणून हात हलवत परत आले होते, तेव्हाची तू. "उद्या म्हनला आन् तू आलीस? कशापायी उद्या, ते इचारलंस का?" असं म्हणून तू मला तशीच, चुलीवरची भाकरी उतरवून, परत घेऊन गेली होतीस. मी खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "तीन वर्षांनंतरच का, तेवढं लिहून द्या." त्यानं लिहून दिलं नाही. नंबर दिला.

आधी कान तपासले; कान ठणठणीत. मग एक डॉक्टरीणबाई चक्क चटईवर बसल्या. साबणाचे फुगे सोडले, चेंडू घरंगळवला, हाका मारल्या आणि बघत राहिल्या. मला पाण्याचं विचारलं, कांड्यांचं विचारलं, मिक्सरचं विचारलं. माझ्या मनात खटकत होतं ते एकेक त्या नेमकं विचारत होत्या. पुन्हा बोलावलं, पुन्हा बघितलं, आणि सरळ शब्दांत सांगितलं: हा ऑटिझम आहे, स्वमग्नता. जन्मजात. कुणाच्या चुकीनं नाही, आणि चार भाषांमुळं तर मुळीच नाही. "लवकर आणलंत, फार चांगलं केलंत." मग अत्तम्मांकडं वळून म्हणाल्या, "आजी, तुम्ही तुमच्या भाषेत बोला तिच्याशी. भरपूर बोला." अत्तम्मांनी पदर तोंडाला लावला. मीही रडले. नवऱ्याला वाटलं मी खचले. मी खचले नव्हते, जिंकले होते. कशाशी झुंजायचं ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं होतं.

आता ती पाच वर्षांची आहे. चित्रांच्या कार्डांनी, खेळांनी, शिकवणाऱ्या ताईंच्या आणि आमच्या हट्टानं इथवर आलो. मिक्सरला अजून घाबरते. म्हणून मी चटणी खलबत्त्यात कुटते आणि तुझ्यासारखीच चव येते असं नवरा म्हणतो. गर्दीत तिला त्रास होतो, तो होत राहील. पण बालवाडीत जाते, आणि मागच्या उन्हाळ्यात एके दुपारी माठाकडं बोट करून, आजीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नीळ्ळू." तेलुगूत पाणी! ज्या भाषेवर आम्ही बंदी घातली होती तीच. अत्तम्मा भांडंभर पाणी तिच्या हातात देऊन, साखरेचा डबा काखेत मारून अख्ख्या गल्लीत फिरल्या. मी मागच्या जिन्यात उभी राहून मोठ्यानं हसले, अगदी बेशरमासारखी.

लिहिताना मी असं लिहीत आले, जणू तू असतीस तर पहिल्यापासून माझ्या बाजूची असतीस. तसं नाही, हे मला ठाऊक आहे. तू असतीस तर वेखंड तूच उगाळलं असतंस, आणि "बोलंल की गं, तू तरी कुटं लवकर बोललीस," हे सगळ्यांच्या आधी तूच म्हणाली असतीस. मग मी तुझ्यावर आवाज चढवला असता, तू माझ्यावर, आणि शेवटी तोंड फुगवून का होईना, तू आमच्याआधी पायांत चपला घालून दारात उभी राहिली असतीस. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पोरीसाठी मी सगळ्यांशी भांडले, अव्वा, आणि सगळी भांडणं जिंकले. तुझ्याशी तेवढं भांडायचं राहिलं.