काय शोधायचं ते आधी बोटांना सांगा

सोमवार, ३ तारीख

या वयात घरी का बसत नाही, असं मला कोणी विचारलेलं नाही. तरी सांगून टाकतो. घरी बसलं की गुडघे दुखतात, पाण्यात दुखत नाहीत. झालं उत्तर. चाळीस वर्षं बंदरात बुडालेल्या वस्तू काढल्या. नांगर काढले, साखळ्या काढल्या, एकदा एका बाईची कवळीही काढली. बाईने तिथेच धुऊन तोंडात घातली. ही वही नातीने दिली. म्हणाली, आबा, किरकिर हिच्यात करा, माझे कान सोडा.

आज इथे रुजू झालो. जागा झकास. दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली, दहा पुरुष खोल. काठाला पायऱ्या, पत्र्याची शेड, मागे राहायच्या खोल्या. माझ्या खोलीला खिडकी आहे, नळाला पाणी आहे. अजून काय पाहिजे माणसाला? इथे पाणबुड्यांना वस्तू शोधून वर काढायला शिकवतात. शिकणारे सहा, त्यातली एक माझी नात. आई-बाप लहानपणीच गेले, मीच वाढवली. ही परीक्षा पास झाली की तिला बंदरावर कायमची नोकरी. मी तेवढ्यासाठीच आलोय.

शाळेच्या मालकाच्या गळ्यात सदा शिट्टी. मी त्याला शिट्टीच म्हणणार. सगळ्यांदेखत म्हणाला, आजोबा, इथे मशीनवर शोधतात, तुम्ही आपला दोर धरा. धरतो म्हटलं. मशीन बुडालं की हाक मारा.

बुधवार, ५ तारीख

मशीनचं कौतुक दोन दिवसांत संपलं. तळाला हातभर गाळ. कोणी पाय हलवला की स्वतःचा पंजा दिसत नाही. मशीन तर प्रत्येक दगडापाशी बोंबलतं.

मग माझी पद्धत. सहाही जणांना पायऱ्यांवर बसवलं, पाय पाण्यात. खोल पाण्याच्या दाबाने कान बसलेत सगळ्यांचे, म्हणून ओरडूनच सांगितलं. मधोमध वजन टाकायचं. वजनाला दोर. दोर ताणून धरायचा, हात तळावरून फिरवत गोल मारायचा. गोल पुरा झाला की हातभर दोर सोडायचा, पुढचा गोल. घाई नाही. एक वीतही सोडायची नाही. सापडलं की तीन झटके. आणि मुख्य म्हणजे, खाली डोळे नसतात, बोटं असतात. काय शोधायचं ते उतरण्याआधी बोटांना सांगायचं.

त्यांच्यातला लांबडा म्हणतो, आजोबा, बोटांना कान कुठे असतात? सगळे खिदळले. नातही. मी म्हटलं, कानांच्या मध्ये काही नसलं की बोटांनाच सांगावं लागतं बाबा.

मला गंजका नांगर म्हणतात, असं कानावर आलं. म्हणू देत. गंजका का होईना, धरून ठेवतो.

शनिवार, ८ तारीख

आज बाहुला. रबरी, माणसाएवढा, आत वाळू. बुडालेला माणूस काढायचा सराव याच्यावर. पण शिट्टीचा बाहुला नागडा. गाळात रबर काय नि दगड काय, हाताला सारखंच. म्हणून नातीचा जुना कोट त्याला चढवला. चार साधी बटणं, एक पितळी, मीच शिवलेलं. सहाही जणांना डोळे मिटून चाचपायला लावलं. चेहरा कसा चाचपायचा तेही दाखवलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. काठावर उभं राहून तीनदा ओरडलो, हे शोधायचं, हे मिळाल्याशिवाय परत यायचं नाही.

नात कुरकुरली. आबा, माझाच कोट कशाला, अभद्र वाटतं. म्हटलं, थेरं नकोत. कपडा तो कपडा. मग बाहुला मी स्वतः सोडला, बरोबर मधोमध.

सोमवार, १० तारीख

बाहुला मिळाला नाही. परवा सहा जण उतरले, आज सहा जण उतरले. बाहुल्याला पाय फुटले म्हणावं तर तेही रबरी. शिट्टी म्हणतो, गंजक्या नांगराला धड बुडवताही येत नाही. मी म्हटलं, पोहता येईना, तळं खोल. तुझी पोरं गोल नाही मारत, चकली पाडतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. दुपारी सगळे वर आले. सहा डोकी मोजली, सहा कप चहा. दोर माझ्याच हातात होता, दुसरं टोक पाण्यात. तीन झटके बसले. ओढला, रिकामा. मासा असेल.

खाणीत मासे नाहीत, असं लांबडा म्हणाला. तरी मासाच असेल.

बुधवार, १२ तारीख

नातीच्या कपाटात कोणीतरी हात घातला. कपडे कोरडे, घड्या जागच्या जागी. पण प्रत्येक बटणावर करड्या गाळाचं बोट उमटलेलं. बटणांवरच. बाकी कुठे डाग नाही.

मी लांबड्याची गचांडी धरली. तो आईची शपथ घ्यायला लागला, रडकुंडीला आला. शिट्टीने चारचौघांत माझी काढली. म्हातारचळ लागलाय म्हणे. शुक्रवारी परीक्षा. बाहुला तुमच्या नातीने शोधायचा, एकटीने. नाही आणला तर ती नापास, आणि तुम्ही तुमचं गाठोडं उचला.

गुरुवार, १३ तारीख

जेवून आलो तर नातीच्या खोलीत फरशीवर गाळाचे गोल. मधोमध शिशाचं वजन. त्याभोवती एक गोल, हातभर बाहेर दुसरा, मग तिसरा. तिसरा तिच्या पलंगाला टेकलेला. एक वीतही सोडलेली नाही.

पद्धत माझी आहे. पण सहांतला एकही इतका नीट गोल मारत नाही. मी पायरीवर बसून सहा जणांना शिकवत होतो. शिकत सात जण होते.

नातीला म्हटलं, उद्या उतरू नको. ती इतकी चिडली. म्हणाली, जन्मभर मला थेरं नकोत म्हणून ओरडलात, आणि आता नोकरी हाताशी आल्यावर तुम्हाला भुतं दिसायला लागली? नखभर जरी लाड केले असतेत तर ऐकलं असतं.

बरोबर बोलली. शिट्टीला सांगितलं. तो हसला.

शुक्रवार, १४ तारीख

उतरली. दोर मी धरला. बारा मिनिटं. मग तीन झटके.

ओढलं. जड. वर आला तो बाहुला. अंगावर कोट नाही. दोराची गाठ त्याच्या कमरेला. ती गाठ मी नातीच्या कमरेला मारली होती. माझीच गाठ. तशीच.

नात पलीकडच्या काठाला वर आली. मास्क नाही. आधी काठ घट्ट धरला. मग म्हणाली, गाळात कोणीतरी हात धरला. एकेक बोट चाचपलं. मग मास्क काढला, चेहरा चाचपला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. घाई नव्हती. तिला वाटलं आबांनीच कोणाला पाठवलंय, म्हणून हात सोडवला नाही.

शिट्टी म्हणतो, बाहुला आला, पास. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हात दाखवून अवलक्षण. कोट ही नुसती खूण होती. खूण मीच दिली, ओरडून, तीनदा. आता त्याला कोटातलं खरं माणूस कळलंय.

शनिवार, १५ तारीख

सकाळीच पाठवली तिला. या वेळी लगेच बॅग उचलली. कुठे, कशाने, ते लिहीत नाही. कारण ही वही ओली आहे. जिथे जिथे नात असं लिहिलंय, त्या प्रत्येक अक्षराखालून गाळाचं बोट फिरलंय. त्याला वाचता येतं का, ठाऊक नाही. शिकेल. मी शिकवलेलं सगळं शिकलं.

मी बरोबर गेलो नाही. गेलो असतो तर माझ्या मागोमाग —

इथेच बसतो. दोर धरून बसायची सवय आहे.

रविवार, १६ तारीख

सुट्टी. शिट्टी आणि पोरं शहरात. भर दुपार, लख्ख ऊन.

खोलीत गोल. आज बाहेरून आत आलेत. हे मी शिकवलं नव्हतं. शेवटचा माझ्या खुर्चीच्या पायाशी —

मागे उभं आहे. थंड. वळणार नाही. लिहितोय म्हणून तोंड बंद राहतंय —

बोटं कपाळावर. डोळे झाले. नाक. घाई नाही त्याला. आता ओठांवर थांबलंय. दात मोजतंय. आत काय शोधतंय ते मला —

नाही. ती कुठे आहे ते नाही सांगणार. कितीही चाचप. जीभ ओढून काढ, तरी या तोंडातून एक अक्षर नि—