तुमचे लोक

९ ऑक्टोबर २०२३
परवाच्या हल्ल्यानंतर दिनाचा फोन आज एकदाचा लागला. सगळे धड आहेत. तिचा नातू योनी सैन्यात, त्याला दक्षिणेला पाठवलंय, त्याचं मात्र काही कळत नाही. माझी धाकटी बहीण इस्रायलला गेली त्याला जन्म लोटला, पण घाबरली की अजून रास्ता पेठेतलं मराठी बोलते. "दादा, दारंखिडक्या लावून बसलोय. तू जेवलास का?"
सकाळी फिरताना बापटांनी थांबवून हात हातात घेतला. समोरचा फ्लॅट, इतकी वर्षं आम्हा ज्यूंना ख्रिश्चन समजत होते. म्हणाले, "तुमच्या लोकांना सांगा, आता सोडायचं नाही." माझे लोक म्हणजे कोण, ते विचारलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर निळेपांढरे झेंडे.

२६ नोव्हेंबर
सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळींपुढे बोललो. बापटांचा आग्रह. मी आपलं रास्ता पेठ, आईचा मलिदा, शनिवारी न पेटणारी चूल असलं सांगत बसलो. त्यांना रणगाडे हवे होते. शेवटी बापटांनी जाहीर केलं, योनी पुण्याला आला की शाल-श्रीफळ देऊन सत्कार. टाळ्या.
रूथ मागच्या रांगेत होती. नात माझी. मुलगा-सून बंगळूरला, ही कॉलेजसाठी माझ्याकडे वारज्यात. जेवताना म्हणाली, "आजोबा, तिकडे पलीकडच्या बाजूला मेलेल्या पोरांचं कुणी नावही काढलं नाही. तुम्हीसुद्धा."
भात तसाच राहिला दोघांचा.

२ मार्च २०२४
लिफ्टमध्ये बापट वहिनी भेटल्या. मोबाईलवर कुठलासा फोटो होता, ढिगाऱ्यातलं लहान मूल. "बघवत नाही हो," म्हणाल्या. मग मी कोण ते आठवलं असावं, फोन पर्समध्ये टाकला. 
मला म्हणायचं होतं की मलाही बघवत नाही. दार उघडलं, त्या गेल्या.

१६ जून
दिनाचा फोन. योनी रजेवर येऊन गेला. पलंग सोडून फरशीवर झोपतो. विचारलं तर "ठीक आहे" एवढंच. दिना आता शनिवारी संध्याकाळी सब्बाथचा विसावा संपला की पाटी घेऊन चौकात उभी राहते. ओलिसांना घरी आणा, लढाई थांबवा. गेल्या वर्षी हीच मला म्हणत होती, एकेकाला शोधून काढलं पाहिजे. मी आठवण करून दिली नाही. तिच्या शेजारणीनं बोलणं टाकलंय. "गल्लीत दोन तट पडलेत, दादा. आपल्या मराठी बायकांतसुद्धा."

११ ऑगस्ट
रूथ तिकडच्या पोरांसाठी मेणबत्त्या घेऊन उभी होती, स्वारगेटच्या बाजूला. वीसेक मुलं असतील. पोलिसांनी हटवलं. एका स्कूटरवाल्यानं शिव्या दिल्या आणि वर नाव विचारलं. हिनं रूथ सांगितलं, आडनावही सांगितलं, ज्यू आहे तेही सांगितलं. तो म्हणाला, "मग तू इकडं कशी?" हे सांगताना हसत होती. हसता हसता रडायला लागली. मी पाणी आणून दिलं, दुसरं काय देणार.
सेक्रेटरींचा फतवा: ग्रुपवर युद्धाबद्दल काही टाकू नये, भांडणं होतात. पार्किंगबद्दल टाकावं.

१७ जून २०२५
दिना तीन रात्री तळघरात. आता इराणची क्षेपणास्त्रं. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, योनी पाठीवर घेऊन उतरतो.
सकाळी बापट. सगळ्यांसमोर म्हणाले, "आता अति झालं हो तुमचं. उपाशी पोरांवर कसला पराक्रम?" खोटं नव्हतं. म्हणून जास्त लागलं. पण "तुमचं". पहिल्या दिवशीही माझंच होतं, आजही माझंच. मी सांगितलं, बहीण तळघरात आहे. ते ओशाळले. "तसं नव्हतं म्हणायचं."
उद्यापासून कालव्याच्या बाजूनं फिरायला जाईन.

५ ऑगस्ट
योनी आला. दिनानंच पाठवला, "तुझ्याकडे राहू दे थोडे दिवस." उंच, आमच्या वडिलांचे कान. मराठी दिनाचं, जुनं: "मामा-आजोबा, तुमची तब्येत कशी आहे?" रूथ त्याला पाहून आत गेली, सॅक भरून बाहेर आली. कात्रजला मैत्रिणीच्या खोलीवर राहते म्हणाली. त्यानं विचारलं, ती कुठे गेली? मी सांगितलं, परीक्षा.
संध्याकाळी बापट जिन्यात. पाहुणे किती दिवस, असं विचारलं. मग हळूच, "कुणी विचारलं तर नातेवाईक मुंबईचे म्हणून सांगा. उगाच कशाला." सत्काराचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

१७ ऑगस्ट
नदीकाठच्या मोकळ्या जागेत ढोलपथकाचा सराव चालतो. योनी रोज जाऊन अगदी जवळ उभा राहतो. मला आवाज सोसत नाही, मी लांब कठड्यावर. आज विचारलं, आवडतं का? म्हणाला, "डोक्यात दुसरं काही ऐकू येत नाही."
दिनाचे रोज फोन. हा उचलत नाही.

२९ ऑगस्ट
शुक्रवार. मलिदा केला, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. रूथ कपडे न्यायला आली होती. मी म्हटलं, प्रार्थनेपुरती बस. बसली. प्रार्थना झाल्यावर तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. "तिथं तू काय करत होतास?"
मी म्हणालो, रूथ, आज नको. पण योनी शब्द शोधत होता. "मी मोठी मशीन चालवत होतो. घरं पाडायला. आत कोणी नाही, असं सांगायचे."
"आणि नसायचं?"
 तो उठला, तिघांच्या ताटल्या उचलल्या आणि मोरीत जाऊन घासायला बसला. पाणी वाहत राहिलं. रूथ तशीच बसून. तिचा चेहरा मला वाचता येईना. थोड्या वेळानं उठली, आत जाऊन नळ बंद केला आणि काही न बोलता कात्रजला गेली. कपडे इथंच राहिले.
मला त्याचा राग यायला हवा. पोरगं दिनाचं आहे. ज्यांची घरं होती तेही कुणाचे तरी…

१२ ऑक्टोबर
लढाई थांबली म्हणतात. बापट वाटेत भेटले. "सुटलात एकदाचे." मी दिनाला तसंच सांगितलं तर म्हणाली, बघू.
योनीचं परतीचं तिकीट परवाचं होतं. काल त्यानं रद्द केलं. कधी जाणार, विचारलं नाही. रूथ रविवारी येते, जेवते, त्याच्याशी बोलत नाही. पण येते.
दिना म्हणाली, "योनीला दे फोन." तो गॅलरीत उभा होता, ऐकत होता. नाही म्हणून मान हलवली.
मी म्हणालो, आंघोळीला गेलाय.
 ती म्हणाली, "इथं घरी असताना त्याचे मित्र फोन करायचे ना, दादा, मीही त्यांना हेच सांगायचे."
उद्या करते म्हणाली.