किल्ल्यातल्या विहिरीवर झालेला उशीर

सक्करदरा, नागपूर
दि. ३ नोव्हेंबर २०२४

ती. बायजाताईस,
प्रेमानंदचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोन केला तर म्हणालीस, शेतावर आहे, आवाज येत नाही. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, त्या मी मोजल्या. शेतावर कुकर कधीपासून लावतेस वं ताई? म्हणून हे पत्र. हे मध्येच बंद करता येणार नाही.

तुझी नात हिमानी माझ्याकडे राहून आर्किटेक्ट झाली. आता अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर तिला सहा महिन्यांचं काम मिळालं आहे, तटाची मोजमापं घेऊन नकाशे काढायचं. होकार तीस तारखेच्या आत द्यायचा आहे. तिचा बाप रविंद्र म्हणतो, आई म्हणेल तसं. आणि आई, म्हणजे तू, म्हणतेस, नाही!

अठ्ठ्याऐंशी सालच्या सहलीत सगळ्यांच्या पुढे तूच होतीस. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन किती वेळ बसली होतीस. रायगडावर भाऊजींच्या आधी पोचलीस आणि वरून त्यांना हाका मारल्यास. मालकाची मेटॅडोर, आत अकरा माणसं, ड्रायव्हर मी आणि गाईडही मीच. आज माझ्या चार बस आहेत, पण तशी सहल पुन्हा झाली नाही.

धानाची कापणी आटोपली की उत्तर दे. रविंद्र आणि सूनबाई मायाला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ थोडा हिमानीकडे वळव.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमानंद


कुही
दि. ८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेमानंदास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

कुकर सुनेनं लावला होता. मी अंगणात होते, अन् अंगणाच्या पुढे शेतच आहे. तुले काय करायचं?

रायगड बरा आठवते तुले. मग दुसऱ्या दिवशी अलिबागले काय झालं, ते काहून लिहिलं नाही? किल्ल्यात ती विहीर दिसली. चारी बाजूंनी खारं पाणी अन् मधात गोड. चवदार तळ्यावरून आलेली बाई मी, ते पाणी घेतल्याबिगर कशी निघू? तुम्ही सारे दरवाज्यात उभे अन् मी बाटल्या भरून राहिली होती. तेवढ्यानं उशीर झाला. परततानी पाणी छातीले लागलं अन् नऊ वर्षांचा रविंद्र तुझ्या भाऊजींच्या खांद्यावरून सुटला. एका कोळ्यानं केसाले धरून ओढला, म्हणून आज तो हिमानीचा बाप आहे.

तुझे भाऊजी मरेपर्यंत म्हणत, बायजाच्या दोन बाटल्यांपायी पोरगं गेलं असतं. खोटं नव्हते म्हणत. आता त्याच पाण्यात त्याच्या पोरीले पाठवू? माझ्याच्यानं होत नाही गा. तुझ्या एवढ्या ओळखी आहेत, तिले इकडेच काम पाहून दे.

संत्री पाठवू नको, मागचीच उरली आहेत. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई,
बायजा


सक्करदरा, नागपूर
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आज थट्टा नाही.

त्या सकाळी ओहोटी होती, आपण ओल्या वाळूवरून चालतच किल्ल्यात गेलो. पाणी घोट्याएवढं. भाऊजी म्हणाले, याच्यापेक्षा सक्करदऱ्याचा तलाव बरा. सगळे हसले. आत तुम्ही तटावर फिरत होता आणि मी तोफेजवळ होतो. एक कोळीण टोपली घेऊन बाहेर निघाली होती. ती मला म्हणाली, दादा, पाणी भरायला लागलं, माणसं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. दरवाज्यातून वळून तिनं पुन्हा हाक मारली.

ऐकलं मी एकट्यानं, आणि स्वच्छ ऐकलं. पण आदल्या दिवसापासून मी सांगत सुटलो होतो की समुद्राचं मला सगळं कळतं. आपल्याकडे तलाव चढायला अख्खा पावसाळा लागतो. मला वाटलं, तासाभरात असं किती चढणार? म्हणून तोफेवर बसवून एकेकाचे फोटो काढत बसलो. त्यात पाऊण तास गेला. मग तू विचारलंस, विहिरीवर जाऊन येऊ का, वेळ आहे ना? मी म्हणालो, भरपूर आहे. तुला दहा मिनिटंही लागली नाहीत.

किनाऱ्यावर भाऊजी तुझ्यावर ओरडले तेव्हाच मी बोलायला हवं होतं. भीती वाटली, मालकाला कळलं तर गाडी काढून घेईल. पुढे गाडी स्वतःची झाली, तरी बोललो नाही.

समुद्र त्याच्या वेळेवर आला होता, ताई. भरती-ओहोटीची वेळ छापून मिळते. हिमानीनं सहा महिन्यांचं वेळापत्रक काढून भिंतीला लावलं आहे. तिला नाही म्हणायचं असेल तर दुसरं कारण शोध. हे कारण तुझं नाही, माझं आहे.

लोभ मागण्याचं तोंड आज नाही.

प्रेमानंद


कुही
दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रेमानंद,
जयभीम.

पत्र भेटलं. दोन दिवस मी ताटावरून अर्धीच उठली. मायाले वाटलं, माझी शुगर वाढली.

घरी चार पाहुणे आले की तुझे भाऊजी तो किस्सा काढत. मी खाली मान घालून भाकर वाढत राहायची अन् तू समोर जेवत राहायचा. एकदा तू म्हणाला, जाऊ द्या भाऊजी, झालं ते झालं. मले वाटलं, भाऊ माझी बाजू घेऊन राहिला. त्या दिवशी तुले भाकरीवर तूप जास्त वाढलं होतं मी.

आता ते नाहीत. त्यांच्यासाठी दोष माझाच राहिला. ते तुले दुरुस्त करता येत नाही, अन् मलेही नाही.

हिमानीले मी आजच फोन करून हो म्हटलं. पोरगी फोनवर रडली. तिले म्हटलं, तिथं कोणी कोळीण काही सांगेल तर हातातलं काम टाकून ऐकजो. ती म्हणाली, आजी, मी तर तिलेच आधी विचारीन. पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

त्या विहिरीच्या पाण्याची चव मी इतकी वर्षं आठवू दिली नव्हती. काल आठवली. गोड होतं गा.

तुझं पत्र मी कोणाले दाखवलं नाही. येत्या रविवारी हिमानीले घेऊन ये. रविंद्र अन् माया घरीच राहतील. त्यांच्यासमोर तुझ्या तोंडानं सांग. मग जेवायले थांब. मी सगळ्यांसोबत बसून जेवीन. ताटं तू वाढशील.

लोभाचं काय ते जेवण झाल्यावर पाहू.

बायजाताई