दोनशे चौदा चुका आणि एक कपाट

तीर्थस्वरूप आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर माझं आहे, बाबांचं नाही, हे बघूनच तू ते उघडलं असणार. म्हणजे निम्मं काम झालं. गुडघे कसे आहेत? डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललंस असं तुझ्या लेकीकडून कळलं, आणि अठ्ठावीस तारखेला तू कायमची तिच्याकडे निघालीस हेही तिनेच सांगितलं. (विमानात पाय लांब करता येतील अशी जागा मागून घे. सल्ला बाबांचा आहे, पण माझ्या नावावर खपवते.) इकडे आम्ही धडधाकट आहोत. आई तुझी आठवण काढते आणि मग बाबांकडे बघून विषय बदलते.

मी नोकरीत नक्की काय करते हे आपल्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही, तेव्हा एकदाचं लिहूनच ठेवते. भरतकामाची मोठी यंत्रं असतात. नक्षी काढणारी माणसं त्यांना लेखी सूचना देतात: दोरा निळा घे, इतकं पुढे सरक, हे सगळं चाळीस वेळा कर. या सूचना यंत्राच्या हाती पडण्याआधी आमचा एक प्रोग्राम त्या वाचतो आणि नियमाप्रमाणे लिहिल्यात की नाहीत ते तपासतो. त्याला पार्सर म्हणतात. स्वभावाने तो खिडकीवरच्या कारकुनासारखा आहे. अर्जात काय मागितलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, नमुन्याप्रमाणे भरलाय का एवढंच तो बघतो. अर्ज चुकला, तर त्याने माणसाला ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे माझं काम. मी आले तेव्हा तो फक्त 'मजकुरात चूक आहे' म्हणायचा आणि गप्प बसायचा. (कुठे, कसली, काही नाही. आपलं तोंड फुगवून बसायचं आणि समोरच्याने ओळखायचं. हे मी कुणाला उद्देशून म्हणत नाहीये.)

मी त्याला बोलका केला. तीन महिने खपले. आता त्याला मजकुरात जे जे खटकेल ते ते तो ओळीच्या नंबरासकट सांगू लागला: इथे कंस हवा होता, हा शब्द इथे चालत नाही, इथे आकडा दिसत नाही. (प्रत्येक वाक्याआधी 'कृपया' घालावं का, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. शेवटी घालायचं ठरलं.) साहेबांनी पाठ थोपटली. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की आता जगात कुणालाही आपली चूक शोधत बसावं लागणार नाही. बाबा म्हणाले, वा. मग जरा वेळाने विचारलं, कुणालाही?

त्यानंतर दुपट्यांचं प्रकरण झालं. एका कारखान्यात बाळांच्या दुपट्यांवर बदक भरायचं होतं. नक्षीवाल्याने बाराव्या ओळीवर एक कंस उघडला आणि तो मिटायला विसरला. चूक एवढीच. पण रस्ता चुकलेल्या माणसाला जशी पुढची प्रत्येक पाटी चुकीची वाटते, तसं आमच्या पार्सरचं झालं. त्याने खालच्या सगळ्या धड ओळींना नावं ठेवली आणि एकंदर दोनशे चौदा चुका काढल्या, प्रत्येकीच्या आधी कृपया. त्यांत बाराव्या ओळीचं नावसुद्धा नव्हतं. तो बोट ठेवतो ते चूक त्याला दिसली तिथे. झाली तिथे नव्हे. हे मला माहीत होतं, पण बाकीच्यांनाही माहीत असेल असं मी धरून चालले होते.

तिथल्या यंत्रावरचे मास्तर तीस वर्षं सुई-दोऱ्यात घालवलेला माणूस. चष्मा गळ्यात, शर्टाला कायम धाग्यांची तुसं. नक्षीवाला रजेवर होता, म्हणून त्यांनी स्वतःच त्या दोनशे चौदा चुका दोन दिवस बसून एकेक करून दुरुस्त केल्या. जिथे कंस हवा म्हटलं तिथे कंस घातला, जो शब्द चालत नाही म्हटलं तो काढला. (काढलेल्यांत 'पुढे सरक' हे शब्द बहुतेक सगळे गेले.) शेवटी पार्सर म्हणाला, चूक नाही. मास्तरांनी बटण दाबलं. यंत्राला बारा सुया, खाली बारा दुपटी. बाराही सुयांनी बदकाचा डोळा भरायला घेतला, आणि पुढे सरकायला कुणी सांगितलंच नसल्यामुळे त्या तोच डोळा त्याच जागी भरत राहिल्या. मी एक दुपटं आणलंय. मध्यभागी सुपारीएवढी काळी गाठ आहे, आणि बदक नाही.

माफी मागायला साहेबांनी मला पाठवलं. मास्तर ओरडतील या तयारीने गेले होते. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि एक वही दाखवली. तीत दोनशे चौदाही निरोप हाताने उतरवलेले, प्रत्येकापुढे टिक. "त्याने सांगितलं तसं केलं मी, बाई," ते म्हणाले. "एकही सोडली नाही. मग माझं चुकलं कुठे?" आत्या, मला रडू आलं, आणि ते एवढं यायचं कारण दुपटं नव्हतं.

परत येऊन मी सगळं मोडलं. आता आमचा पार्सर पहिली चूक सांगतो, तीही झाली त्या जागेपासून: 'बाराव्या ओळीवर उघडलेला कंस मिटलेला नाही. आधी एवढा बघा.' आणि गप्प बसतो. कृपया काढलं. मास्तरांचा फोन आला की आता तुमचं यंत्र माणसासारखं बोलतंय.

तर आजीच्या कपाटाबद्दल. आजी गेल्यावर महिन्याभराने तू बाबांना सहा पानी पत्र पाठवलंस, त्यात त्यांच्या सदतीस चुका होत्या, नंबर घालून. (नंबर घातलेस हे फार बरं केलंस.) ते पत्र सात वर्षं त्यांच्या खिशात आहे. घड्यांवर फाटलं म्हणून त्यांनी मागून चिकटपट्टी लावलीय. मास्तरांची वही बघून आले त्या संध्याकाळी मी ते मागून घेतलं, तर एकोणतीस नंबरांपुढे टिक. नंबर अकरा, फार मोठ्याने हसतो: आता ते तोंड मिटून हसतात, आणि पाहुण्यांना वाटतं ठसका लागला. नंबर एकोणीस, माझ्या गुडघ्यांची कधी चौकशी केली नाही: आता ते दूधवाल्यापासून सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. नंबर तेवीस, कधी पत्र लिहीत नाही: चार लिहिली, तू न उघडता परत केलीस. नंबर दोन, आजीचं कपाट परस्पर ठेवून घेतलं: ते त्यांनी टेम्पोने पाठवलं, तू त्याच टेम्पोने माघारी धाडलंस, आणि जाता-येता त्याचा एक पाय वाकडा झाला. तो त्यांनी सरळ करून घेतलाय. तेव्हा तेवढं कपाट आता ठेवून घे, म्हणजे दोन नंबरची टिक पक्की होईल. नंबर एकपुढे मात्र त्यांनी टिक केलेली नाही.

तब्येतीला जप. जिना उतरताना कठडा धर.

तुझी भाची

ता. क. परदेशी निघालेल्या माणसाला लोखंडी कपाट घे म्हणते, हे मलाही कळतंय. पत्र त्यासाठी नाही. तुझा नंबर एक मला पाठ आहे: 'आई जात होती तेव्हा खरं सांगायची तुला हिंमत झाली नाही. पोरीच्या तोंडून जरा बरं नाही असा निरोप धाडलास.' आत्या, दवाखान्याच्या जिन्यात बाबांनी मला सांगितलं होतं ते असं: ताईला म्हणावं, डॉक्टरांनी आजचाच दिवस सांगितलाय, असशील तशी नीघ. मी एकोणीस वर्षांची होते. तू फोन उचललास तेव्हा कशावर तरी हसत होतीस, आणि मला ते शब्द उच्चारवेनात. मी म्हटलं, आजीला जरा बरं नाहीये, जमेल तशी ये. तू दोन दिवसांनी आलीस. फोनवर मी काय म्हटलं ते बाबांना तू आलीस त्या दिवशीच सांगितलं. ते म्हणाले, तू काही बोलू नकोस. माझ्यावर रागावायची ताईला सवय आहे, तुझ्यावर रागावली तर तिलाच सोसायचं नाही.

ता. क. २. रविवारी दहा वाजता आम्ही येतोय. दार मी वाजवीन. बाबा खाली टेम्पोत कपाटाशेजारी बसतील. त्यांना वाटतंय, आपण फक्त कपाट द्यायला चाललोय. मला काय बोलायचं ते बोल, मी मान खाली घालून ऐकेन. मग खिडकीशी जा आणि त्यांना वर बोलाव. बाकीचे छत्तीस नंबर त्यानंतर बघ, राहिलेत का.