जिन्याखालची तार

४ फेब्रुवारी, मंगळवार

बसले एकदाचे डबे! एक जुन्या इमारतीत, हृदयविभागाच्या कपाटात. दुसरा रस्त्यापलीकडे, नव्या इमारतीत, डॉक्टरांच्या खोलीशेजारी. अख्खं इस्पितळ मला 'नेटवाल्या बाई' म्हणतं. आज नेटवाल्या बाईंनी टाळी वाजवली — एकटीनेच, कपाटाचं दार ओढून घेऊन.

तांब्याची तार शंभर मीटरपुढे दम टाकते. रुग्णांच्या छातीला लावलेली यंत्रं इकडे, ते ठोके पडद्यावर बघणारे डॉक्टर तिकडे, मधे रस्ता आणि बाग. म्हणून मधल्या टप्प्यात काचेची तार. तिच्यातून उजेड जातो. दोन्ही टोकांना हे वीतभर डबे — एका अंगाने तांबं घ्यायचं, दुसऱ्या अंगाने उजेड सोडायचा. साहेब कुरकुरले, "साधे डबे मिळतात की स्वस्तात!" मिळतात. पण ते मुके. हे बोलतात! किती तापलेत, समोरून उजेड किती येतोय, सगळं माझ्या टेबलावर बसून कळतं.

घरी आल्यावर हे कुणाला सांगणार? आई असती तर म्हणाली असती, "बरं बरं, आधी हात धू."

५ फेब्रुवारी, बुधवार

आज कुणी माझ्याशी बोललं नाही. काही बिघडलंच नाही ना!

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. मागून वहिनी त्याला काहीबाही विचारत होती, तो तिलाच उत्तरं देत होता. मी दोघांच्या मधे हो-हो करत राहिले. शेवटी, "बाकी मजेत ना?" मजेत.

आईची खाट अजून तशीच आहे. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मी तिच्यावर ठेवते. म्हणजे रिकामी दिसत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गंमतच आहे. जुन्या इमारतीकडून येणारा उजेड सकाळी उतरतो, संध्याकाळी पुन्हा वर. कालही तसंच, परवाही. बंद पडत नाही, पण काठावर. कुरतडणारा उंदीर असता तर संध्याकाळी तार परत जोडून गेला नसता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज डॉक्टरांचा पडदा काळा पडला. दुपारीच. पाचव्या खाटेवरच्या आजोबांचे ठोके चुकत होते आणि नेमकं त्याच वेळी! डॉक्टर रस्ता ओलांडून पळत गेले, एक चप्पल बागेत राहिली. आजोबा वाचले. मी डब्याशेजारी, पुन्हा पुन्हा तारा तपासत.

साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. "महागातले बोलके डबे ना तुमचे? मग विचारा त्यांना!" हसले सगळे. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

विचारलं डब्याला. दोन्ही डबे ठणठणीत. उजेड वाटेतच कुठेतरी सांडतोय. उद्या तारेबरोबर चालत जायचं — पहिल्या टोकापासून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडला!

उंदीर नाही. म्हातारा.

जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तार भिंतीतून बाहेर येते आणि पुढे जमिनीत जाते. तिथे एका उलट्या बादलीवर हे काका बसलेले. आणि आमच्या तारेला लटकलेली भली जाडजूड कापडी पिशवी! काचेची तार अशी वाकली की उजेड बाहेर फुटतो, पुढे जात नाही. काल पिशवी नेहमीपेक्षा जड असणार.

मी ओरडलेच. "काका, त्या तारेवर माणसांचे जीव टांगलेत, आणि तुम्ही पिशवी टांगताय!"

ते दचकून उठले. पिशवी काढून छातीशी धरली. "तिचे कपडे आहेत हो. दवाखान्याची जमीन… खाली कसे ठेवू?"

त्यांची बायको वर हृदयविभागात आहे. भेटायची वेळ संध्याकाळी एक तास. घर लांब, दोन बस बदलून. तरी ते सकाळीच येतात. वॉर्डाच्या दारातून वॉचमन हाकलतो, म्हणून जिन्याखाली. "घरी बसून तरी काय करू? इथे निदान ती डोक्यावर आहे."

हातोडी आणली, भिंतीत खिळा ठोकला. तार प्लास्टिकच्या नळीत घातली. साहेबांना कळवलं, 'जिन्याखाली तारेवर ताण येत होता, काढला.' खोटं नाही ते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उजेड दिवसभर सपाट. छान. तरी दुपारी जिन्याखाली जाऊन आले — नळी नीट आहे ना बघायला. नीट होती. काकाही होते. माझा जेवणाचा डबा तिथेच उघडला. भात आणि अंडं. त्यांच्याकडे नुसता पाव. अर्धं-अर्धं केलं.

आयुष्यभर बस चालवली म्हणाले. "डोक्यावर पाटी — चालकाशी बोलू नये. लोकांनी काय पाळलीय पोरी ती पाटी! माणसं पाठीशी खच्चून, आणि आपण गप्प. आता निवृत्त झालोय, आता थोडाच गप्प बसतो?"

मला पोरी म्हणाले! पोरीच्या कानाजवळचे केस कधीच पिकलेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज काकांनी विचारलं, "घरी कोण असतं तुझ्या?" म्हटलं, आई होती. त्यांनी पावाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

मग स्वतःचं सांगत बसले. "घरी असली की दिवसभर भांडते माझ्याशी. चहात साखर जास्त, आवाज जास्त, सगळं जास्त. इथे आल्यापासून नुसती 'बरं' म्हणते. ती 'बरं' म्हणाली ना, की मला झोप लागत नाही."

मी वर कपाटातला डबा बघायला म्हणून गेले. दारातून नजर टाकली. कोपऱ्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड केलेली बाई, लहानखुरी. चेहरा दिसला नाही. ठोके मात्र हिरव्या रेघेने उड्या मारत होते. खाली येऊन सांगितलं, "काका, रेघ एकदम झोकात चाललीय." डॉक्टरांनी सांगितलं असतं तरी इतका आनंद झाला नसता त्यांना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काकू भांडल्या! पिशवीत भलताच स्वेटर आणला म्हणून. "काय बोलली, काय बोलली!" काका जिन्याखाली अक्षरशः नाचले.

"तुझ्याबद्दल सांगितलंय तिला. तारांची पोरगी म्हणते ती तुला. ये की वर भेटायला." उद्या जाईन म्हटलं. लाज वाटते. काय बोलायचं जाऊन?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काकूंना आज घरी सोडलं. मला निरोप आला तेव्हा मी लेखा विभागात टेबलाखाली आडवी, कुणीतरी पायाने तार उपटली होती. पळत खाली आले तोवर गाडी फाटकाबाहेर. काकांनी खिडकीतून हात काढला. फोन नंबर आणि पत्ता कालच दिले-घेतले होते. तिथूनच ओरडले, "रविवारी घरी यायचं. यायचं म्हणजे यायचं."

जिन्याखाली बादली सरळ करून ठेवली होती. झाडूवाल्या मावशींनी ती नेली.

२ मार्च, रविवार

गेले नाही. ते आपले भल्यापोटी म्हणाले असतील. आजारी माणसाचं घर, त्यात आपण कुठे पाहुणी म्हणून जाऊन बसायचं. कपड्यांना इस्त्री केली. सगळ्यांना.

५ मार्च, बुधवार

काकांचा फोन! "वाट बघितली तुझी. ही म्हणाली, तुमचं बोलणं ऐकून पळाली असेल." मागून काकूंचा आवाज, "इकडे द्या तो फोन!" आणि दोघांत जुंपली. फोन कुणी धरायचा यावरून! मी कानाशी धरून ऐकत उभी राहिले, हसता हसता डोळे भरले. शेवटी कुणाकडून तरी बंद झाला.

११ मार्च, मंगळवार

साहेबांनी दोन इमारतींना आणखी डबे मागवायला सांगितले. बोलकेच. जिरली!

१४ मार्च, शुक्रवार

ठरलं. या रविवारी जायचंच. काकूंसाठी हातरुमाल घेतले, फुलाफुलांचे. काकांना काय घ्यावं सुचेना. दुकानदाराला म्हटलं, खूप बोलणाऱ्या माणसाला काय देतात? तो म्हणाला, "कान."

१६ मार्च, रविवार

तयार होत होते आणि फोन वाजला. नाव 'काका'. आवाज बाईचा.

"तारांची पोरगी ना तू? अगं, हे गेले. गुरुवारी. चहा पिता पिता. मला काही दाखवलंच नाही त्यांनी, सगळं लक्ष माझ्या छातीकडे."

मी आईच्या खाटेवर, कपड्यांच्या घड्यांशेजारी बसले. मग म्हणाल्या, "ते म्हणायचे, त्या पोरीला घरी कुणी नाही. खरं का?"

"खरं."

"मग भेटायला नको येऊस. राहायला ये."

निघते आहे.