माटोळीवरचा डबा

७ ऑक्टोबर १९५६, रविवार

दुर्गाबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांचा भाऊ शाणू गोव्यात खाणीवर कारकून आहे, त्याचं. टपालानं नाही, बेळगावच्या पाहुण्याच्या हाती आलं — तीन आठवडे लागले. दुर्गाबाई समोरच्या खोलीत राहतात. त्यांना अक्षरओळख नाही, नवरा आमच्याच कारखान्यात बॉयलरवर, त्यालाही नाही. कॉलनीत आल्यापासून त्यांची पत्रं मीच वाचतो, मीच लिहितो.

पत्रात चतुर्थीची हकीकत. तिकडे गणपतीच्या डोक्यावर फळापानांची चौकट टांगतात, तिला माटोळी म्हणतात. शाणू लिहितो: "बेळगावचा कोहळा यंदा नाही, हद्द बंद. म्हणून त्या जागी हॉलंडच्या लोण्याचा रिकामा डबा टांगला. निळा, वर गाईचं चित्र. देवाला म्हटलं, सरकार देतं ते गोड मानून घे. सगळा वाडा येऊन हसून गेला."

दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तसलाच तो, ल्हानपणापासून." मग म्हणाल्या, "भाऊ, हे कुणाला सांगू नका हां. तिथं माणूस हसला तरी लिहून ठेवतात."

म्हणालो, नाव कुठेही जाणार नाही.

वर त्यांना सुनावलं — बाई, बाराखडी शिका. मी चौथी नापास. पोर्तुगीज शिकलो तो अडतिसाव्या वर्षी, एका फाटक्या कोशावरून. सुमनताईंचा बायकांचा वर्ग आहे, जात जा.

गोव्यावरच्या माझ्या टिपणांत क्र. ४१३ केलं. लोणी, डबाबंद, हॉलंड. कोहळा, आवक शून्य.

२१ ऑक्टोबर, रविवार

गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीवरचा लेख पुरा झाला. सहा वर्षांचा अभ्यास बावीस पानांत. मतदानाचा हक्क कुणाला, उमेदवारांची यादी एकच कशी, लग्नपत्रिकेवरसुद्धा सेन्सॉरचा शिक्का कसा लागतो, आपण हद्द बंद केल्यावर तिथं बटाटा कुठून येतो — सगळं आधारासह. पुण्यातले पदवीधर गोव्यावर भाषणं ठोकतात, त्यातल्या एकाला तरी बटाट्याचा भाव विचारावा.

बायको, रुक्मिणी, म्हणाली, "त्या राज्यात काय मिळत न्हाई ते समदं ठाव हाय. घरातलं रॉकेल संपलंय, ते न्हाई." तिच्या माहेरची, मोशीची माणसं बोलायला अशीच.

सायकलवाला कादरही कमी नाही. नाक्यावर मला बघितलं की सलाम ठोकतो — "आइए गव्हर्नरसाहेब, आज कुणाला हद्दपार?"

८ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून पुण्याला गेलो. संपादकांनी लेख घेतला आहे, पण चार ओळी जास्त होत होत्या. म्हणाले, "तो डब्याचा किस्सा काढू. गंमत आहे, पण नसला तरी चालेल."

मी तासभर भांडलो. आकडे कुणीही देईल. त्या राज्यात माणसं कशी जगतात ते त्या डब्यात आहे — निळा, गाईचं चित्र, कोहळ्याच्या जागी. नाव दिलं नाही, गाव दिलं नाही, नोकरीसुद्धा दिली नाही. माझा शब्द मी पाळला होता.

शेवटी त्यांनी बटाटा काढला. डबा राहिला.

१८ नोव्हेंबर, रविवार

अंक आला. छपाईची एकही चूक नाही. कादरनं दुकानात मोठ्यानं वाचून घेतला. "गव्हर्नरसाहेब, ये डिब्बेवाला तो हीरो है."

दुर्गाबाईंना दाखवला नाही. त्यांना वाचता कुठे येतं, असं मनाशी म्हटलं. लिहून झाल्यावर हे वाक्य बरं वाटत नाही.

२० जानेवारी १९५७, रविवार

 जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दुर्गाबाई पत्र घेऊन आल्या. शाणूच्या बायकोचं, त्याच बेळगावच्या वाटेनं. पाच ओळी. ठळक अक्षर, शाळकरी मुलीसारखं.

पहिली ओळ — नाताळाआधी यांना पोलिसांनी नेलं. दुसरी — कुठे ठेवलंय ते सांगत नाहीत. तिसरी — मुलं माझ्या माहेरी आहेत. चौथी — "त्यांनी पुण्याच्या पेपराचं कात्रण पुढ्यात धरलं आणि विचारलं, हा निळा डबा कुठाय." पाचवी — देवाला सांगणं करा.

मी चार वाचल्या. तिसरीवरून पाचवीवर गेलो. अडखळलो पण नाही.

"एवढंच?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"एवढंच."

नाव गाळलं, गाव गाळलं आणि डबा ठेवला. चतुर्थीला घरोघर माटोळ्या बघत फिरायची तिथली रीत — हे माझ्याच टिपणात आहे, क्र. २०८. डबा अख्ख्या वाड्यानं पाहिलेला. त्या राज्यात तसा डबा दुसऱ्या कुठल्या घरी टांगलेला असणार? कारखान्यात माझ्या स्टोअरमध्ये एक वॉशर कमी भरला तर मी दिवसभर शोधतो. आणि हे मला दिसलं नाही. की दिसायला नको होतं?

२१ जानेवारी

दुर्गाबाईंना वाटतं, चुलतभावानं चुगली केली. जमिनीवरून जुनं वाकडं आहे. "तोच मेला. माटोळीखाली उभा राहून सगळ्यांत जास्त तोच हसला होता, असं मागं कळलं मला." भावजयीला पत्र लिहायला सांगितलं — त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको, त्याच्या हातचं पाणी घेऊ नको.

लिहून दिलं. माझ्या सुबक अक्षरात. एका निरपराध माणसावर आळ.

२७ जानेवारी, रविवार

रुक्मिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मग सांगून टाका की."

म्हटलं, कसं सांगू?

"तुमी त्या पोर्तुगालच्या वकिलातीला पत्रं लिवली. समोरच्या खोलीत जायाला सात पावलं हाईत."

नऊ आहेत. मोजलेली आहेत.

१० फेब्रुवारी, रविवार

गेलो. दुर्गाबाई उंबऱ्यात पाटी घेऊन बसलेल्या. 'क'चं पोट भरत होत्या, जीभ दातांत धरून. वर्गाला एक दिवस चुकत नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी बोललात ते लागलं मला. शाणू सुटला की पयलं पत्र मी माझ्या हातानं लिहिणार."

चहा दिला. प्यालो. परत आलो.

११ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी

आजही नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

संपादकांचं कार्ड. लेख फार गाजला, वाचकांना डबा विशेष आवडला, पुढचा लेख कधी देता.

टिपणांचं खोकं माळ्यावर टाकलं. संध्याकाळी खाली काढलं. जाळावं असं वाटलं, पण ते खोटं झालं असतं — जाळून शाणू सुटत नाही, मी सुटतो. क्र. ४१३ बाहेर काढून त्याखाली लिहिलं: माहिती देणारा अटकेत. कारण, टिपण लिहिणारा.

 दुर्गाबाईंना खोलीतून बाहेर येताना पाहिलं की मी आत वळतो. पन्नाशीला आलेला माणूस.

३ मार्च

समोरून वाचण्याचा आवाज येतो. एकेक अक्षर लावत, मध्ये थांबत. सुमनताई सांगत होत्या, पुस्तक संपलं, आता बाई घरातलं पत्र घेऊन बसतात.

घरात जपून ठेवलेली पत्रं दोनच आहेत.

१७ मार्च, रविवार

दुर्गाबाई आल्या. हातात भावजयीचं पत्र, बोट चौथ्या ओळीवर.

"भाऊ, बाकी सगळं लागलं. ह्या ओळीतला एवढाच शब्द लागत नाही. का-त्र-ण." मग जरा ओशाळून, हळू आवाजात — "त्या दिवशी तुम्ही ही ओळ सोडलीत. मी मनात म्हटलं, तुम्हालापण हा शब्द येत नसेल. म्हणून कुणाकडे बोलले नाही."

मी म्हणालो, येतो.

आणि पेटीतून अंक काढून त्यांच्या हातात दिला.